दुकानदार म्हणाला, "एवढंच राहतं"

आज आमच्या कासवाचं कवच टेपने मोजलं, 24 सेंटिमीटर भरलं. नऊ वर्षांपूर्वी आणलं तेव्हा दहाच्या नाण्यापेक्षा जरासंच मोठं होतं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा, लेक तिसरीत होती आणि दुकानातून हलायलाच तयार नव्हती. मी विचारलं होतं हो, किती मोठं होणार म्हणून. तो म्हणाला मॅडम एवढंच राहतं, फार तर तळहाताएवढं, आणि सोबत प्लास्टिकचा डबा दिला ज्यात मधोमध एक बेट आणि नारळाचं खोटं झाड. वर्षभरात त्या डब्यात त्याला नीट वळताही येईना.

हे रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. मादी आरामात 25-30 सेंटिमीटरची होते, नर लहान राहतो, आणि नीट सांभाळलं तर 30 वर्षंही जगतं. आमचं मादी आहे हे आम्हाला कळलं कधी, तर तिने पाण्यात अंडी घातली तेव्हा, नर नसतानाही घालतात. डॉक्टर म्हणाले माती नाही मिळाली तर अंडी पोटात अडकू शकतात, मग बाल्कनीत घमेल्यात माती भरून ठेवली. मोठा टब, फिल्टर, कवच मऊ पडू नये म्हणून ऊन, उन्हात बसायला फळी, एक दिवस पाणी बदललं नाही तर येणारा वास, यातलं काहीच त्या नाण्याएवढ्या पिल्लाकडे बघून सुचत नाही. अमेरिकेत 1975 पासून 4 इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळायला विकण्यावर बंदी आहे, कारण लहान मुलं ती तोंडाजवळ नेतात आणि साल्मोनेला या जुलाब करणाऱ्या जिवाणूची लागण होते. आपल्याकडे दुकानात नेमकी तीच साईझ मिळते!

आणि मोठं झालं की प्रत्येक जण एकच सल्ला देतो, "तळ्यात सोडून दे की." नाही सोडायचं. आपली कासवं ज्या दगडावर ऊन खातात, जे खातात, त्यात हे वाटेकरी होतं, आजारही नेतं. सकर फिशचं बघा ना, टाकीची काच साफ करतो म्हणून बोटाएवढा आणतात, तो फूट-दीड फूट होतो, मग कोणीतरी नदीत सोडतं, आणि आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो काटेरी मासा येतो आणि जाळी फाडतो. नुकसान त्यांचं, ज्यांनी तो कधी विकतही घेतला नाही.

मासा टाकीएवढाच वाढतो असं सगळे म्हणतात, मीही मानायचे. खरं म्हणजे लहान बाऊलमध्ये गोल्डफिश खुरटतो, स्वतःच्याच घाणीच्या पाण्यात राहिल्यामुळे, आणि लवकर मरतो. साधा गोल्डफिश जागा आणि स्वच्छ पाणी मिळालं तर 20 सेंटिमीटरच्या वर जातो. तो बाऊल दिसला की मला आता बघवत नाही.

कुत्र्यांचं तर रोज बघते. आमच्या शेजारी "पॉमेरियन, मांडीवर मावेल" म्हणून आणलेलं पिल्लू निघालं स्पिट्झ, आता चांगलं 12 किलोचं आहे, गोड आहे पण वन रूम किचनमध्ये त्याचे हाल होतात. खरा पॉमेरियन 3 किलोच्या आसपास असतो, तेव्हा नावावर जाऊ नका. लॅब्रॅडॉरचं पिल्लू दोन महिन्यांचं असताना पिशवीत मावतं, मोठा नर 30-35 किलोचा होतो आणि लिफ्ट बंद पडली तर आजारी कुत्र्याला चौथ्या मजल्यावर उचलून न्यायला दोन माणसं लागतात. पंजे मोठे म्हणजे कुत्रा मोठा होणार हा अंदाज बरेचदा जमतो पण त्यापेक्षा आईवडील बघा, निदान आई तरी. आई दाखवायला नकार दिला तर मी तिथून पिल्लू घेणार नाही. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं चार महिन्यांचं वजन दुप्पट करा, साधारण अंदाज येतो. लहान जाती वर्षभरात पूर्ण वाढतात, ग्रेट डेनसारख्या दीड-दोन वर्षं वाढतच असतात, त्यामुळे सहा महिन्यांचा बघून "झाला आता मोठा" समजू नका.

लेक आता बारावीत आहे. पुढच्या वर्षी हॉस्टेलला जाईल, कासव इथेच राहणार, माझ्याकडे. मी 46 ची आहे, ते अजून वीस वर्षं सहज जगेल. काल आम्ही दोघींनी बसून ठरवलं की मला टब उचलणं झेपेनासं झालं की ती घेऊन जाणार, मग ती कुठल्याही शहरात असो. लग्न ठरलं तर आधी हेच सांगणार म्हणाली.

ज्यांना टबच्या साईझबद्दल, फिल्टरबद्दल विचारायचंय त्यांनी कमेंटमध्ये विचारा, आमच्या टबचा फोटोही टाकते.