एक स्टार देऊन ‘पॅटर्न चुकीचा’ म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई. तुमचा कुर्ता बिघडला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. नव्या कापडाला कात्री लावताना हात कसा थरथरतो ते मला माहीत आहे, त्यामुळे तुमचा राग कळतो.

तुम्ही लिहिलंय: आमच्याकडून नेलेला 36 नंबरचा पॅटर्न (कापड कापायचा मापाचा कागद), एका कागदाचे 190 रुपये, कुर्ता दोन इंच घट्ट झाला, विचारायला गेले तर बाई हसल्या, आणि शेवटी ‘फसवणूक’. हसल्याबद्दल माफी मागते. तुम्हाला हसले नव्हते, ‘दोन इंच’ ऐकल्याबरोबर काय झालं ते कळलं म्हणून हसू आलं. तरी नको होतं हसायला. किमतीवर वाद घालत नाही. पुढचा भाग, पाठ, बाही, गळ्याची पट्टी असे सगळे कागद त्यात असतात, एक नाही. पण ते राहू दे.

‘चुकीचा’ हा शब्द मात्र दोन दिवस डोक्यातून जाईना.

ताई, आमच्या कागदावर तयार कुर्त्याचं माप असतं. छाती 36, वर 4 इंच सैल, म्हणजे शिवून झालेला कुर्ता 40. पुढचा भाग 20, पाठ 20. कागद कापडाच्या घडीवर ठेवायचा असतो, म्हणून कागदावर त्याचा निम्मा, 10 इंच. कागदाच्या कडेवर शिवणीची टीप येते, कात्री नाही! कात्री बाहेरून, अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत राहणारं जास्तीचं कापड, सोडून. बगलेखाली बाजूला तर एक इंच सोडा असंच मी सगळ्यांना सांगते, पुढेमागे अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. फक्त घडीच्या बाजूला माया लागत नाही.

आता तुम्ही टाकलेला दुसरा फोटो बघा, कुर्ता उलटा करून काढलेला. शिवणीच्या आत अर्धा इंच कापड आहे आणि त्याच्या अगदी काठाला निळ्या खडूची रेघ दिसतेय. ती रेघ म्हणजे आमच्या कागदाची कड. तुम्ही रेघेवरच कापलंत आणि मग अर्धा इंच आत घेऊन टीप मारलीत. पुढच्या भागाच्या दोन बाजू, पाठीच्या दोन, चार ठिकाणी अर्धा अर्धा इंच गेला. झाले दोन इंच. दीड नाही, अडीच नाही. मुंढ्यातही, म्हणजे बाही जोडतात तिथे, तेच झालंय, म्हणून हात वर केला की ओढतं. पॅटर्नच चुकीचा असता तर हिशेब इतका चोख जुळला असता का? (कापड सुती दिसतंय, ते पहिल्या धुण्यात आटतं. कापण्याआधी भिजवलं होतंत का, ते विचारत नाही.)

मैत्रिणीने अमेरिकेहून आणलेल्या पॅटर्नमध्ये रेघेवरच कापतात, असंही तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स या तिकडच्या पॅटर्न कंपन्यांच्या कागदात 5/8 इंच माया आत धरलेली असते. पण बुर्डा या जर्मन शिवणाच्या मासिकातल्या पॅटर्नमध्ये नसते, तिथे आपली आपण सोडावी लागते. त्यांना कोणी फसवणूक म्हणत नाही. आपल्याकडे शिंपी माया बाहेरच धरतात, कारण कोणाला अर्धा इंच हवी असते, कोणाला दीड.

आणि माया बाहेर सोडायची हे मी तुम्हाला पॅटर्न देतानाच तोंडी सांगत होते. नवरात्राच्या आदल्या शनिवारची संध्याकाळ, दुकानात चणिया-चोळीची गर्दी, तुम्ही फोनवर बोलत होतात आणि गाडी रस्त्यात लावलीय म्हणून घाईत होतात. बडोद्याच्या या दांडिया बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही हे मीही रोज भोगते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ‘काहीच सांगितलं नाही’ असं लिहिलंत, ते लागलं.

माझ्या सासूबाई याच ओट्यावर बसून जुन्या वर्तमानपत्रावर ब्लाऊजचं कटिंग करून द्यायच्या, बहुतेक वेळा पैसेही न घेता. त्यांच्या कागदावर एक अक्षर लिहिलेलं नसायचं. माया सोडायची हे तेव्हाच्या मुलींना सांगावं लागत नसे, घरात आईचं मशीन बघितलेलं असायचं. आता ज्या येतात त्यातल्या पुष्कळ जणी पहिल्यांदाच कात्री धरतात, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. प्रत्येक कागदावर ‘माया वेगळी सोडावी’ असा शिक्का असतो, पण तो गुजरातीत आहे आणि त्या गठ्ठ्यावर शाई फिकी उठली होती, हे मान्य. मराठी-हिंदीतही करून घेणार आहोत. दिवाळीच्या आसपास होईल, बघू.

तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोघींनी फोन करून ‘तुमची मापं बरोबर असतात ना’ असं विचारलं. एकीने शिवणक्लासचं नाव काढून घेतलं. एका वेळी सहाच जणींना शिकवते मी, एक गेली तरी कळतं. तुम्ही स्टार वाढवा असं म्हणत नाही. फक्त ‘फसवणूक’ एवढा शब्द काढलात तर बरं वाटेल.

कुर्ता घेऊन या. उसवू नका, ते आम्ही करू, नाहीतर कापडाला भोकं पडतात. बगलेपासून खाली कटापर्यंत दोन्ही बाजूंना पट्टी घालून देते. दोन इंच रुंद कापायची, दोन्हीकडून अर्धा अर्धा शिवणीत जातो, एक उरतो. दोन बाजूंचे मिळून तुमचे दोन इंच परत. पैसे नकोत. उरलेलं कापड टाकलं नसेल तर तेही आणा, त्यातलीच पट्टी निघाली तर कोणाला कळणारही नाही. मंगळवारी दुकान बंद असतं, आणि शक्यतो दुपारी या, संध्याकाळी बोलायला वेळ मिळत नाही.