येताना एक कार्ड आण ना, मामा

नाशिकहून भाच्याचा फोन आला की आधी माझ्या तब्येतीची चौकशी होते, इथल्या थंडीची होते, आणि मग मूळ मुद्दा येतो. "मामा, डिसेंबरात येताना एक ग्राफिक्स कार्ड आण ना. तिकडे स्वस्त मिळतं." (ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रं झरझर काढणारा संगणकाचा सुटा भाग.) मागून ताईचा आवाज येतो, "गेम खेळायला साठ हजार? काही आणू नकोस हं!" दोन वर्षं आमच्या घरात हाच वाद चालू आहे. कॉलेजच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तो याच दोन वाक्यांभोवती फिरतो: 'बाहेर स्वस्त आहे, आपल्याकडे लूट आहे' आणि 'ही चैन हवीच कशाला'. म्युनिकमध्ये नऊ वर्षं काढल्यावर मला ही दोन्ही वाक्यं पटत नाहीत.

आधी स्वस्ताईचं बघू. जानेवारी २०२५मध्ये एनव्हिडिया या कंपनीने आरटीएक्स ५०७० हे कार्ड जाहीर केलं, तेव्हा जर्मनीत त्याची किंमत होती ६४९ युरो, १९ टक्के व्हॅट धरून. तेव्हाच्या दराने ते साधारण अठ्ठावन्न हजार रुपये झाले. भारतातली जाहीर किंमत होती ५९,००० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून. फरक जेमतेम हजार रुपयांचा. कस्टम्सवर खापर फोडतात, पण संगणकाच्या या सुट्या भागांवर मूळ आयात शुल्क शून्य आहे. अमेरिकेतल्या ५४९ डॉलरचा दाखला देणारे हे विसरतात की तिथल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. आणि विमानतळावर व्हॅट परत मिळतो तो युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना. मी इथला रहिवासी आहे, मला तो मिळत नाही.

म्हणजे भाव सारखाच आहे. सारखी नाही ती कमाई. २०२५मध्ये जर्मनीत किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. सुपरमार्केटमध्ये खोकी लावणाऱ्या मुलाने ५१ तास काम केलं की, करकपातीआधी का होईना, ते कार्ड त्याच्या आवाक्यात येतं. सव्वा आठवडा. पुण्यात साडेतीन लाखांच्या पॅकेजवर लागलेल्या इंजिनिअरला त्यासाठी दोन महिन्यांचा अख्खा पगार ओतावा लागतो. 'बाहेर स्वस्त' या दोन शब्दांत हे सगळं दडपलं जातं, याचं मला वाईट वाटतं, कारण मग राग भलत्याच ठिकाणी निघतो.

भाव चढले हे मात्र खरंच. २०१६ साली जीटीएक्स १०६० निघालं ते २४९ डॉलरला. २०२५च्या मे महिन्यात त्याच पायरीवरचं आरटीएक्स ५०६० निघालं २९९ डॉलरला. नऊ वर्षांत वीस टक्के. पण २०१६मध्ये डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता, मे २०२५मध्ये ८५. कर सोडून हिशेब केला तर साडेसोळा हजारांचे साडेपंचवीस हजार झाले, म्हणजे निम्म्याहून जास्त वाढ. मध्यमवर्गीय घराने पहिलं कार्ड घ्यायचं ते याच पायरीवरचं, आणि तिथे कंपनीपेक्षा रुपयाच्या घसरणीने जास्त घाव घातला आहे. वरच्या पायरीवर कंपनीनेच भाव चढवला: जीटीएक्स १०८० होतं ५९९ डॉलरला, आरटीएक्स ५०८० आलं ९९९ला.

कारण उघड आहे. जानेवारी २०२०ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाच्या १०.९ अब्ज डॉलरच्या उलाढालीत निम्मा वाटा गेमिंगचा होता. पाच वर्षांनी उलाढाल १३०.५ अब्जांवर गेली आणि गेमिंगचा वाटा उरला शंभरात नऊ. बाकी बहुतेक पैसा एआयच्या डेटा सेंटरमधून येतो. आधी क्रिप्टोच्या मायनिंगवाल्यांनी, म्हणजे आभासी चलन कमवायला कार्डांना दिवसरात्र गणितं करायला लावणाऱ्यांनी, कार्डं पळवली. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची पद्धत बंद केली, तेव्हा वाटलं आता सुटलो. पण चिप घडवणारे कारखाने मोजके, मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीन. त्यातल्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं, कारण माल डेटा सेंटरकडे वळवायचा आहे. म्युनिक असो की नाशिक, घरी पीसी जुळवणारा माणूस रांगेत मागे ढकलला गेला आहे.

ताईच्या 'चैन'बद्दल एवढंच सांगतो. भाचा रात्री गेम खेळतो आणि त्याच मशीनवर ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअरही शिकतो. मे २०२५मध्ये मुंबईत मनोरंजन उद्योगाची वेव्हज परिषद भरली, अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगमध्ये लाखो रोजगार येणार असं तिथे ऐकलं. एआयच्या कामासाठी केंद्र सरकार तासाला ६५ रुपयांत जीपीयू, म्हणजे अशा कार्डांमधली मुख्य चिप, वापरायला देतं, हे चांगलंच आहे. मग घरी शिकणाऱ्या मुलाचं कार्ड तेवढं चैन कसं? आणि तो नुसता खेळला असता, तरी मी त्याची बाजू घेतली असती. क्रिकेटच्या किटचा हिशेब आपण कुणाकडे मागत नाही.

इथे आणि तिथे खरा फरक मला दिसला तो वस्तू बिघडल्यावर. माझ्या कार्डाचा एक पंखा आठव्या महिन्यात खरखरायला लागला. बेअरिंग गेलं होतं, पातं बोटाने फिरवलं तरी अडकायचं. ज्या दुकानातून घेतलं तिथेच नेलं, बिल दाखवलं, आणि दहा दिवसांत नवीन कार्ड हातात आलं. दुकानदार फार प्रेमळ होता असं नाही. युरोपीय संघात नव्या वस्तूची दोन वर्षं जबाबदारी कायद्याने विक्रेत्यावर असते, आणि जर्मनीत पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरून चालतात. नव्हता, हे दुकानदाराने सिद्ध करायचं.

भाच्याने गेल्या वर्षी आरटीएक्स ३०६० हे जुनं, वापरलेलं कार्ड घेतलं होतं, अठरा हजारांत, 'सात दिवस टेस्टिंग वॉरंटी'वर. तेविसाव्या दिवशी पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन यायला लागले. त्याने कार्ड उघडून मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं: थर्मल पॅडचं, म्हणजे चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्टीचं, तेल बोर्डावर ओघळून वाळलेलं, मेमरीच्या बाजूला काळपट डाग. दिवसरात्र मायनिंगला जुंपलेलं दिसत होतं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, टेस्टिंग संपली." बिल नव्हतंच. सहा महिने क्लास घेऊन साठवलेले पैसे होते ते.

२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्याकडे आहे, जिल्हा आयोगाकडे तक्रारही करता येते. पण विक्रेत्याने अमुक वर्षं जबाबदार राहायचं, असा सरसकट नियम नाही. जी वस्तू दोन-तीन महिन्यांच्या कमाईची आहे, तिला संरक्षण सगळ्यात जास्त हवं, आणि तेच आपल्याकडे सगळ्यात कमी आहे. जीएसटी पाच टक्क्यांनी उतरवा म्हणून ग्रुपवर जेवढं भांडतो, त्याच्या निम्म्याने तरी यासाठी भांडायला हवं. नव्या मालावर दोन वर्षं, जुन्या मालावर निदान सहा महिने, आणि तेही दुकानदाराच्या शब्दावर न सोडता कायद्याने.

भाच्याला मी कळवलंय की कार्ड आणणार नाही. इथून नेलेलं कार्ड बंद पडलं तर नाशिकच्या सर्व्हिस सेंटरने ते घ्यावं, याची मला खात्री देता येत नाही. निम्मे पैसे मी घालतो, निम्मे त्याचे. डिसेंबरात पंचवटी एक्स्प्रेसने दोघं मुंबईला जाणार आहोत, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात. सीलबंद खोकं तिथेच उघडायचं, कार्डावरचा सीरियल नंबर वाचून दाखवायचा आणि तो जीएसटीच्या बिलावर, भाच्याच्या नावाखाली, लिहून घ्यायचा. त्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असं आमचं ठरलंय.