कासव, गोगलगाय आणि मधले आम्ही

इटलीतल्या सिएना या गावी दर वर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजी ‘पालिओ’ नावाची घोड्यांची शर्यत होते, आणि ती पाहायला जाणाऱ्याने आदल्या रात्रीपासूनच पाणी बेताने प्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवासाच्या पुस्तकांत त्या चौकाच्या विटा, मनोऱ्याच्या पायऱ्या आणि शर्यतीचा शतकानुशतकांचा इतिहास सविस्तर दिलेला असतो. परंतु चौकाच्या मधल्या भागात एकदा शिरल्यावर शर्यत संपेपर्यंत बाहेर पडणे जवळजवळ अशक्य असते, आणि तेवढ्या वेळात एखाद्याला लघुशंका आली तर तिचे निरसन कोठे करावे, याविषयी ही पुस्तके कमालीचे मौन पाळतात.

चौक मात्र पाहण्यासारखा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ‘पियात्सा देल काम्पो’ सपाट नाही. शिंपला उपडा न ठेवता उताणा ठेवावा तसा तो एका बाजूला उतरत गेलेला आहे. सिएनावर १२८७ ते १३५५ या काळात नऊ जणांच्या मंडळाची सत्ता होती, तिची आठवण म्हणून विटांच्या फरसबंदीचे नऊ भाग पाडलेले आहेत. उताराच्या तळाशी नगरपालिकेचा जुना राजवाडा आणि त्याला लागून मांजा नावाचा उंच मनोरा उभा आहे. त्याच्या चारशेच्या आसपास पायऱ्या आम्ही आधीच चढून उतरलो होतो आणि त्यामुळे शर्यतीच्या दिवशी माझे गुडघे माझ्या बाजूने नव्हते. राजवाड्यात आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ च्या सुमारास काढलेली चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची भित्तिचित्रे आहेत. चांगल्या राज्यात दुकाने उघडी आहेत, माणसे रस्त्यात नाचत आहेत, खेचरे माल वाहत आहेत. चेंगराचेंगरी मात्र कोठेही दिसत नाही.

शर्यत पाहण्याचे दोन मार्ग आहेत. चौकाच्या भोवतालच्या घरांच्या खिडक्या, सज्जे आणि लाकडी बाके विकत मिळतात आणि त्यांचा भाव एका माणसाला काही शे युरोंपर्यंत जातो. चौकाचा मधला भाग मात्र सर्वांना फुकट असतो. आमच्या सौंनी खिडकीचा भाव ऐकला, मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि तेवढ्या रकमेत त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न होऊ शकेल, असा निर्णय दिला. ‘फुकट’ हा शब्द त्यानंतर उच्चारला गेला, आणि तो एकदा आमच्या घरात उच्चारला गेला की पुढची चर्चा होत नाही.

आता थोडे त्या गावाच्या राजकारणाविषयी सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढचा प्रसंग समजणार नाही. सिएना सतरा पेठांत विभागलेले आहे. प्रत्येक पेठेचे स्वतःचे देऊळ, स्वतःचे संग्रहालय, स्वतःचे कारंजे, स्वतःचे झेंडे आणि स्वतःचे शत्रू असतात. पेठांची नावे गरुड, बिबट्या, लांडगीण अशी दरारा बसवणारी आहेत, तशीच हंस, घुबड, सुरवंट, कासव आणि गोगलगाय अशीही आहेत. मार्ग अरुंद असल्यामुळे एका वेळी दहाच पेठा धावतात. आदल्या वर्षीच्या त्याच शर्यतीत ज्यांना संधी मिळाली नव्हती अशा सातांना हक्काने आणि उरलेल्या तिघांना चिठ्ठी टाकून प्रवेश मिळतो. घोडासुद्धा चिठ्ठीनेच वाट्याला येतो. त्यामुळे वर्षभर तयारी केलेल्या पेठेच्या नशिबी अगदी किडकिडीत घोडे येऊ शकते आणि तिथपासूनच रडारड सुरू होते. जॉकी भाड्याचे असतात, त्यांचा पेठेशी संबंध पैशापुरता असतो, आणि पैसा दुसरीकडूनही येऊ शकतो हे सर्वांना माहीत असते. कासव आणि गोगलगाय या पेठांचे पूर्वापार हाडवैर आहे. घोड्यांच्या शर्यतीत कासव आणि गोगलगाय एकमेकांना पाण्यात पाहतात, ही गोष्ट मला विलक्षण विनोदी वाटली. परंतु गावात कोणीही त्यावर हसत नव्हते, म्हणून मीही गंभीर राहिलो.

आमच्या सौंनी यांतले काहीच विचारात न घेता बाजारातून लाल-पिवळ्या रंगाचा एक सुंदर रेशमी रुमाल घेतला, कारण तो त्यांच्या कुर्त्यावर शोभत होता. तो गोगलगाय पेठेचा होता. आम्ही ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिलो होतो त्या सत्तरीच्या घरमालकीणबाई जन्माने कासव पेठेच्या होत्या. शर्यतीच्या दिवशी सकाळी रुमाल गळ्यात बांधून सौ. न्याहारीला बसल्या, तेव्हा बाईंनी तो एकदा पाहिला आणि त्या आत गेल्या. कॉफी आली. पाव आला. साखर आली नाही. साखर मागावी इतका धीर मला झाला नाही. सौंना मधुमेह असल्याचा समज करून घेऊन आम्ही तशीच ती प्यालो.

तरीही बाईंना बोलल्याशिवाय राहवत नव्हते. दुपारी प्रत्येक पेठेचा घोडा तिच्या देवळात नेला जातो, पाद्री त्याच्यावर तीर्थ शिंपडतो आणि “जा, आणि विजयी होऊन परत ये,” असा आशीर्वाद देतो, हे त्यांनी हातवाऱ्यांसह समजावून सांगितले. त्या वेळी घोड्याने देवळातच लीद टाकली तर तो मोठा शुभशकुन मानला जातो, असेही त्या म्हणाल्या. “आपल्याकडे देवळात चप्पल घालून एक पाऊल टाकले तरी गुरव ओरडतो,” असे सौ. मराठीत म्हणाल्या आणि बाईंनी मान डोलावली.

आम्ही दुपारीच चौकात जाऊन जागा धरली. फरसबंदीच्या कडेने पिवळसर मातीचा जाड थर दाबून धावपट्टी केलेली होती, अवघड वळणांच्या भिंतींना गाद्या बांधलेल्या होत्या, आणि मधल्या विटांवर ऑगस्टचे ऊन असे तापत होते की त्यांवर भाकरी टाकली असती तर फुगली असती. सौंनी छत्री उघडली. मागच्या पाच-सहा देशांच्या नागरिकांनी आपापल्या भाषेत ती मिटायला सांगितली. तहानलाडू-भूकलाडू म्हणून घरून आणलेले बेसनाचे लाडू पिशवीत होते, पण लाडू खाल्ला की पाणी लागते आणि पाणी प्यायले की पुढचे सगळे प्रश्न उभे राहतात, म्हणून आम्ही त्यांच्याकडे नुसते पाहत राहिलो. हळूहळू लोक वाढले. माझ्यापुढे उत्तर युरोपातले एक साडेसहा फुटी सद्गृहस्थ येऊन स्थिरावले, आणि पुढचे काही तास माझे सिएना म्हणजे त्यांच्या शर्टाची पाठ होती. शर्ट निळ्या चौकटींचा होता आणि कॉलरच्या खाली धोब्याच्या खुणेचा दोरा राहिलेला होता.

संध्याकाळच्या सुमारास मनोऱ्याची घंटा वाजू लागली आणि जुन्या काळचे पोशाख घातलेल्या सहाशेहून अधिक लोकांची मिरवणूक सुरू झाली. तिचे वर्णन करण्यास मी असमर्थ आहे. ढोल ऐकू येत, आणि झेंडे फेकणाऱ्यांनी झेंडा पुरेसा उंच उडवला तर तो क्षणभर शर्टाच्या वर दिसे. शर्यतीचे बक्षीस म्हणजे एक रंगवलेला रेशमी ध्वज. तो बैलगाड्यातून आला तेव्हा चिंचोळ्या फटीतून मला पांढऱ्याशुभ्र कियानिना जातीच्या बैलांची फक्त शिंगे दिसली. मिरवणूक तासन् तास चालली, आणि त्या अवधीत सौंनी मला चार वेळा “अहो, अजून किती वेळ?” असे विचारले. त्या प्रश्नाचा रोख शर्यतीकडे नव्हता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते.

याच वेळी आम्ही कोणाच्या मध्ये उभे आहोत हे स्पष्ट झाले. आजूबाजूची मंडळी एकेक करून पिवळे-निळे रुमाल बाहेर काढू लागली; आम्ही कासवांच्या घोळक्यात होतो. एका तरुणाने छातीवर हात ठेवून, अत्यंत अदबीने, सौंच्या गळ्याकडे बोट दाखवले. “पैसे मोजून घेतला आहे,” असे सौ. म्हणाल्या. त्यावर त्याने आणखी अदबीने पुन्हा बोट दाखवले. अखेर गोगलगाईचा तो रेशमी रुमाल बेसनाच्या लाडवांच्या डब्याखाली गेला आणि त्याला तुपाचा जो वास लागला तो अजून गेलेला नाही.

मग खरी कसोटी सुरू झाली, ती म्हणजे शर्यत सुरू होण्याची. ही शर्यत बंदुकीच्या आवाजावर सुटत नाही. दोन जाड दोरांच्या मध्ये नऊ घोडे एका विशिष्ट क्रमाने उभे राहायचे असतात. हा क्रम शेवटच्या क्षणी पाकिटातून निघतो आणि तो वाचला जाताना हजारो माणसे एकदम गप्प होतात. दहावा घोडा मागे मोकळा राहतो, आणि त्याने आपल्या मर्जीने धाव घेतली की दोर पडतो. आता त्या दहाव्या घोडेस्वाराला घाई का असावी? शत्रूपेठेचा घोडा वाकडा उभा राहीपर्यंत तो निवांत थांबतो. दरम्यान दोरांमधले घोडेस्वार एकमेकांच्या कानात देवाणघेवाणीची बोलणी करतात, आणि ही बोलणी सर्वांच्या डोळ्यांदेखत, पूर्ण राजरोसपणे चालतात. घोडे लाथा झाडतात, क्रम विस्कटतो, सगळ्यांना बाहेर काढले जाते, पुन्हा आत घेतले जाते. कधी सुरुवात चुकीची ठरते आणि तोफेच्या आवाजाने सगळे परत बोलावले जातात. बिनखोगिराच्या घोड्यावर बसलेल्या या लोकांच्या हाती एक चाबूक असतो, जो घोड्याप्रमाणेच शेजारच्या घोडेस्वारालाही मारण्याची मुभा असते. तो चाबूक वळूच्या कोणत्या अवयवापासून बनवतात हे मी सौंना सांगितले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तशीही सहनशक्तीची परिसीमा दिसत होती, आणि माझ्या मते त्या चौकात त्या वेळी दहाव्या घोडेस्वाराला सर्वांत मनापासून शिव्या मराठीत दिल्या गेल्या.

शर्यत झाली. चौकाला तीन फेऱ्या, सव्वा मिनिटाच्या आसपास. आरडाओरडा, धूळ आणि डोक्यांच्या वरून सरकणारी रंगीत शिरस्त्राणे एवढे मला दिसले. शिरस्त्राणे तीन वेळा समोरून गेली आणि तिसऱ्या वेळी त्यांत काही कमी होती. स्वार पडला तरी घोडा एकटा धावून जिंकू शकतो, असा नियम असल्यामुळे त्याची कोणाला फारशी चिंता नव्हती. पुढच्याच क्षणी लोक कठडे ओलांडून धावपट्टीवर उतरले. धिप्पाड पुरुष एकमेकांच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत होते. जिंकलेले आणि हरलेले सारख्याच आवाजात रडत असल्याने निकालाचा अंदाज बांधणे कठीण झाले. चेक्सच्या शर्टाच्या सद्गृहस्थांनाही कोण जिंकले ते सांगता आले नाही. ध्वज घेऊन जमाव कॅथेड्रलकडे निघाला तेव्हा मिशीवाले काका तोंडात लहान मुलांची चोखणी धरून चालले होते, कारण विजयाने पेठेचा पुनर्जन्म होतो, असे मानतात. आम्ही उलट्या दिशेने, मिळेल त्या पहिल्या कॅफेकडे पळालो. तिथे सौंच्या पुढे रांगेत ज्या बाई होत्या, त्यांनी आनंदाश्रू पुसत सौंना आलिंगन दिले, परंतु पुढे जाऊ दिले नाही.

रात्री घरी परतलो तेव्हा मालकीणबाई जाग्या होत्या. कासव हरले होते, पण गोगलगायही हरली होती, आणि त्यामुळे त्या बऱ्यापैकी खुशीत होत्या. सौंच्या गळ्यात रुमाल नाही, हे पाहिल्यावर कॉफीबरोबर साखरेचे भांडेही आले. “तुमची पेठ कोणती?” असे त्यांनी विचारताच सौंनी क्षणाचाही विलंब न लावता “कासव” असे सांगितले, आणि वर त्यांचा पिवळा-निळा रुमाल केवढ्याला मिळेल अशी चौकशीही केली. खरा रुमाल विकत मिळत नाही, तो पेठेत सामील करून घेण्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी दिला जातो, आणि कासव पेठेत हा बाप्तिस्मा जूनमध्ये कारंज्यापाशी होतो, असे बाईंनी सांगितले. सौ. पिशवीतून डायरी काढून जूनच्या तारखा विचारू लागल्या. त्या कारंज्यापाशी उभे राहायला किती तास लागतात, एवढेच मी विचारले.