‘खराब प्रोटीन गिळणारं इंजेक्शन’: फॉरवर्डमधलं खरं किती?

नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. अमेरिकेत शरीरातली सगळी खराब प्रोटीनं नष्ट करणारं औषध निघालंय, त्याला नोबेलही मिळालंय, कॅन्सर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही त्यानं पळतात. औषध इकडे येईपर्यंत डाळ-अंडी बंद ठेवा आणि उपवास करा, तेच काम शरीर आपोआप करेल. गोची अशी की मेसेज सगळाच बनावट नाही.

संशोधन खरं आहे. स्टॅनफर्डच्या कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटानं २०२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ‘लायटॅक’ मांडले, म्हणजे पेशीबाहेरची किंवा तिच्या पडद्यातली नको असलेली प्रथिनं नष्ट करायला लावणारे रेणू. प्रथिनं नष्ट करवणारे त्याआधीचे रेणू, प्रोटॅक, २००१ पासून माहीत होते, पण ते पेशीच्या आतल्या प्रोटिअझोमकडून, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रणेकडून, काम करून घेतात. रक्तात फिरणारी प्रथिनं त्यांच्या आवाक्याबाहेरची, पेशीच्या पडद्यात रुतलेलीही सहसा हाती लागत नाहीत. लायटॅक दोन टोकांचा असतो. एका टोकानं नको असलेलं प्रथिन धरायचं, दुसऱ्या टोकानं पेशीच्या पृष्ठभागावरचा असा रिसेप्टर (बाहेरचे रेणू पकडणारं प्रथिन), जो एरवीही माल आत लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या कचरा पचवणाऱ्या पिशवीकडे, पोचवत असतो. आपल्या घंटागाडीसारखंच: गाडी गल्लीत रोज येतेच, औषध फक्त नेमकी पिशवी तिच्यात टाकतं. पिशवी जाते पाथर्डीच्या खतप्रकल्पात, गाडी रिकामी होऊन पुढच्या फेरीला. दुसऱ्या टोकाला कोणती साखर लावली यावर गल्लीसुद्धा ठरते. गॅलनॅक लावली तर माल मुख्यतः यकृताच्या पेशी उचलतात.

म्हणूनच ‘सगळी खराब प्रोटीनं’ हा दावा तिथेच कोसळतो. एक रेणू, एक लक्ष्य. शिवाय ‘खराब’ असा शिक्का कुठल्या प्रथिनावर मारलेला नसतो. लायटॅकनं प्रयोगशाळेत नष्ट करून दाखवलेलं ईजीएफआर घ्या, पेशीला वाढीचा निरोप देणारं पडद्यातलं प्रथिन. काही कॅन्सरमध्ये ते उच्छाद मांडतं, पण निरोगी त्वचेलाही तेच लागतं. ते नुसतं अडवणारी, आधीपासून वापरात असलेली औषधं घेणाऱ्या कित्येक रुग्णांच्या चेहऱ्यावर आणि छातीवर मुरमांसारखं पुरळ येतं, ते यामुळेच.

नोबेलचं अर्धसत्य: बर्टोझींना २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण क्लिक केमिस्ट्री आणि बायोऑर्थोगोनल केमिस्ट्रीसाठी (रेणू चटकन जोडण्याच्या, आणि तेच जिवंत पेशीत काही न बिघडवता करण्याच्या पद्धती). लायटॅकसाठी नव्हे.

डाळीचा मुद्दा तर निव्वळ खुळचटपणा. वरणातलं प्रथिन आतड्यात अमिनो आम्लांपर्यंत तुटतं आणि ईजीएफआर पेशी स्वतः बनवते. केमो चालू असलेल्या माणसाचं वरण-अंडं बंद करणं म्हणजे आधीच खंगलेल्या शरीराचे स्नायू आणखी झिजवणं.

उपवासाचा धागा ऑटोफॅजीतून आलाय, म्हणजे पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून पुन्हा वापरते त्या क्रियेतून. तिच्यावरच्या कामासाठी योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं, हे खरं. पण ऑटोफॅजी पेशीच्या आतला माल मोडते. एकादशी केली म्हणून गाठीवरचं एखादं प्रथिन वेचून काढलं जात नाही. एकादशी करा की, पण देवासाठी.

मग आज बाजारात काहीच नाही का? लायटॅक म्हणून मंजूर झालेलं एकही औषध नाही. जवळचा नातलग मात्र आहे: एफगार्टिजिमॉड हे औषध. अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मायस्थेनिया ग्रॅव्हिससाठी मंजूर; या आजारात शरीराच्याच अँटिबॉडीजमुळे स्नायू दुबळे होतात. एरवी आयजीजी या रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटिबॉडीजना लायसोसोमपासून वाचवून पुन्हा रक्तात सोडणारा एक रिसेप्टर असतो, हे औषध तोच अडवतं. रोग माजवणाऱ्या अँटिबॉडीज त्यामुळे घटतात, पण संसर्गाशी लढणाऱ्याही घटतात. निवड करता येत नाही, आणि लायटॅकवाल्यांची धडपड नेमकी त्या निवडीसाठी आहे.

मेसेजच्या शेवटी ‘याच तत्त्वावरचं’ सिरप मागवायला नंबर दिलाय. अँटिबॉडी हेही प्रथिनच, त्यामुळे तिच्यावर बांधलेला लायटॅक तोंडानं घेतला तर पोटात त्याचंही वरणासारखंच होईल. भारतात औषधाची कुठलीही चाचणी सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर आधी नोंदवावी लागते, ती यादी कुणालाही फुकट पाहता येते आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. त्या नंबरवर मात्र आधी पैसे भरा म्हणतात.