‘डोळे झाकून डिझेल घे’ : या मेसेजमधलं पेट्रोल नेमकं कोणतं?

नागपूरच्या गाडीवाल्यांत फिरणाऱ्या मेसेजचा गोषवारा असा: “भाऊ, घरच्यांना बसता येईल आणि पळेलही अशी हॅचबॅक पाहिजे तर डोळे झाकून डिझेल घे. अॅव्हरेज 24, टर्बो पेट्रोल 13 च्या वर जात नाही. किमतीचा फरक लाखभराचा, दोन वर्षांत वसूल. टॉर्क 200, पेट्रोलचा 115. इंजिन दणकट, बोनेट उघडायचं काम नाही. टर्बो पेट्रोल तर आपल्या उन्हात टिकतच नाही.”

यातला एकेक आकडा सुटा घेतला तर फारसा खोटा नाही. गडबड जोडणीत आहे. 24 हा चाचणीतला अॅव्हरेज आहे, 13 हा रस्त्यावरचा. शिवाय 13 टर्बो (इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या) पेट्रोलचा, पण लाखभराचा फरक आणि 115 चा टॉर्क (इंजिनाचा ओढण्याचा जोर) साध्या, बिनटर्बो पेट्रोलचा. म्हणजे प्रत्येक वाक्यात समोरची गाडी बदलते आणि डिझेल दर वेळी जिंकतं.

म्हणून आधी गाड्या ठरवून घेऊ. मारुती आणि फोक्सवॅगन यांनी एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 (धुराचे कडक नियम) आलं तेव्हाच डिझेल सोडलं, ह्युंदाई आय20 चं डिझेल 2023 मध्ये गेलं. त्यानंतर नवी डिझेल हॅचबॅक म्हणजे टाटा अल्ट्रोझ: 1,497 सीसी, 90 पीएस (अश्वशक्ती), 200 एनएम (टॉर्कचं माप). तिचंच साधं 1.2 पेट्रोल 88 पीएस आणि 115 एनएमचं. आणि खरी पळणारी म्हणावी तर आय20 एन लाइन: 998 सीसी टर्बो, 120 पीएस, 172 एनएम.

“फरक दोन वर्षांत वसूल”

ही तुलना साध्या पेट्रोलशी आहे, तर हिशोबही त्याच्याशीच लावू. शोरूमच्या किमतीत 8 लाख विरुद्ध 9 लाख 20 हजार धरा. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स, डिझेलला 13 टक्के. म्हणजे 88,000 विरुद्ध 1,19,600. मेसेज लिहिणारा हे 31,600 रुपये नेहमी विसरतो. डिझेलचं वरचं व्हेरिएंट 10 लाखांच्या पुढे सरकलं की दर 14 टक्के, आणि तोही पूर्ण किमतीवर. केंद्राच्या करात मात्र आता भेद नाही: 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतल्या 1,200 सीसीपर्यंतच्या पेट्रोलला आणि 1,500 सीसीपर्यंतच्या डिझेलला सारखाच 18 टक्के जीएसटी.

तर ऑन-रोड फरक झाला 1,51,600. पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये लिटर, शहर-हायवे मिळून अॅव्हरेज 15 आणि 18 धरा. (पेट्रोलचा 15 हा ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, धरूनच आहे, इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते, तो तोटा पेट्रोलच्याच खात्यात घातला पाहिजे.) किलोमीटरला खर्च 6.93 आणि 5.06. फरक 1.87. डिझेलची सर्व्हिस, जास्तीचं ऑइल आणि फ्युएल फिल्टर यांचे 20 पैसे वजा केले की उरले 1.67. दीड लाख वसूल व्हायला सुमारे 91,000 किलोमीटर लागतील.

मानेवाड्याहून सीताबर्डीला ऑफिस आणि रविवारी नातेवाईक, एवढंच असेल तर महिन्याला 600 किलोमीटर होतात. वसुलीला साडेबारा वर्षं. रोज बुटीबोरीला जाऊन-येऊन 60 किलोमीटर आणि महिन्याचे 25 दिवस, तर पाच वर्षं. तुमच्या गाडीचे आकडे घालून पुन्हा मांडा, पण दोन वर्षं यायला वर्षाला 45,000 किलोमीटर पळावं लागेल. टॅक्सी चालवत नसाल तर सोडा.

आता गंमत. हाच हिशोब एन लाइनशी लावला तर मेसेज चुकून का होईना, बरोबर ठरतो. दोघींची किंमत जवळपास सारखी. दाबून चालवलेली टर्बो 13 देते, म्हणजे किलोमीटरला 8 रुपये. डिझेल पहिल्या दिवसापासून जवळपास तीन रुपयांनी स्वस्त. थर्ड पार्टी विम्यात 1,000 सीसीच्या आतल्या टर्बोला वर्षाला 1,322 रुपये कमी लागतात (2022 च्या दरांनी 2,094 विरुद्ध 3,416), पण त्याने काही भरून निघत नाही. टर्बो घेणारा पैसे वाचवायला घेतच नाही. तो वेगाचे पैसे देतो, आणि ते त्याला माहीत असलेलं बरं.

“टॉर्क 200, म्हणून पिकअप भारी”

साध्या पेट्रोलसमोर खरं आहे. डिझेलचा पूर्ण जोर 1,250 ते 3,000 आरपीएममध्ये (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो, तिसऱ्या गिअरला नुसता पाय ठेवला की गाडी ओढते. पण चाकाला पोचणारा जोर गिअरने गुणून येतो. डिझेल 4,000 च्या आसपास दमतं, म्हणून त्याचे गिअर लांब ठेवलेले असतात. टर्बो पेट्रोल 6,000 पर्यंत ओढतं, त्यामुळे गिअर आखूड ठेवता येतात आणि टॉर्क 200 ऐवजी 172 असल्याचा तोटा चाकावर उरत नाही. उमरेडकडे कोळशाच्या दोन ट्रकांना एकदम ओव्हरटेक करताना डिझेलमध्ये अर्ध्या वाटेत गिअर टाकावा लागतो. 120 पीएसवाली त्याच गिअरमध्ये पार होते. शिवाय डिझेल इंजिनाचं जादा वजन, साधारण 100 किलो, जवळपास सगळं पुढच्या चाकांवर येतं. वळणावर नाक जड लागतं ते त्यामुळेच.

“बोनेट उघडायचं काम नाही”

मेसेजमधलं सगळ्यांत महागात पडणारं वाक्य हेच. ही कीर्ती बीएस-3, बीएस-4 च्या डिझेलांनी कमावलेली आहे, आणि ती रास्त होती. बीएस-6 मध्ये सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ आला: काजळी अडवणारी जाळी. ती जाळी भरत जाते आणि मधून मधून तिच्यातली काजळी जाळावी लागते. त्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल सोडून तिथलं तापमान 600 अंशांच्या आसपास नेतं. याला 10 ते 20 मिनिटं सलग चालणारी गाडी लागते.

शहरात नेमकं काय होतं? जाळणं सुरू होतं, तेवढ्यात घर येतं, चावी बंद. पुन्हा सकाळी सुरू, पुन्हा बंद. जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. ते पातळ झालंय आणि टर्बोचं बेअरिंग त्याच्यावरच फिरतंय. खूण मॅक्सच्या वर गेली की ऑइल बदलायचं, थोडं काढून भागत नाही.

जाळणं चालू असल्याच्या खुणा: उभ्या गाडीचे आरपीएम किंचित चढलेले, लाइव्ह अॅव्हरेज अचानक पडलेला, बंद केल्यावरही पंखा घोंगावतोय, जळकट वास. अशा वेळी बंद न करता आणखी पंधरा मिनिटं फिरवा. डीपीएफचा पिवळा दिवा आलाच तर वर्धा रोडला विमानतळाच्या पुढे काढा आणि चौथ्या गिअरला 2,000 ते 2,500 आरपीएम ठेवून 20 मिनिटं न थांबता बुटीबोरीकडे चालवा. टाकीत पाव टाकीच्या वर डिझेल असू द्या. बऱ्याच गाड्या त्याखाली जाळणं सुरूच करत नाहीत. दिवा दुर्लक्षित केला की गाडी वेग धरेनाशी होते आणि मग वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून जाळावं लागतं. ऑइल कमी राखेचंच घाला, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं. ऑइलची राख जाळीत साठते ती कशानेही जळत नाही.

बुटीबोरीवाल्याला यातलं काहीच करावं लागणार नाही. त्याची जाळी रोज आपोआप साफ होते. मानेवाडेवाल्याला हे दर दोन-तीन आठवड्यांनी करावं लागेल.

“टर्बो पेट्रोल उन्हात टिकत नाही”

टिकतं, मंदावतं. 45 अंशांत आत येणारी हवा तापलेली असते, पेट्रोल वेळेआधी पेटू नये म्हणून संगणक स्पार्क मागे ओढतो आणि मे महिन्याच्या दुपारी दहा-बारा घोडे कमी असल्यासारखे वाटतात. डिझेलला हा त्रास कमी. हा मुद्दा मेसेजला देऊन टाकू. टर्बोला खरा धोका ऑइलची तारीख चुकवण्याचा. समृद्धीवरून 120 ने येऊन शिवमडक्याला लगेच चावी बंद करण्याचाही. मिनिटभर चालू राहू द्या. ड्राय क्लचचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर व्हरायटी चौकाच्या गर्दीत इंच-इंच सरकवू नका. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडा.

याच विषयातला उलटा मेसेजही फिरतो, की डिझेलवर दहा वर्षांत बंदी. तो नियम दिल्ली-एनसीआरचा. एमएच-31 किंवा एमएच-49 च्या, म्हणजे नागपूरच्या, खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांचीच, पेट्रोल असो की डिझेल.

फोक्सवॅगनची जुनी डिझेल पोलो जीटी टीडीआय (1.5, 110 पीएस, 250 एनएम) शोधत असाल तर गोष्ट वेगळी, ती अजूनही मजेची गाडी आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, क्लच दाबून-सोडून खडखड ऐका, आणि पहाटे इंजिन गार असताना पहिला स्टार्ट स्वतः मारा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा.