पूरग्रस्तांना डब्यात बसवण्याची सोपी रीत

सोलापूरकडच्या सीना नदीला पूर आला की तुमच्यासारख्या कर्तबगार माणसाला काहीतरी भरीव करून दाखवावंसं वाटणारच. २०२५ च्या सप्टेंबरात माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली, माणसं शाळांत येऊन राहिली. पण शाळा तरी किती दिवस अडवायची? त्यापेक्षा जहाजावरचे मालाचे कंटेनर मागवा. क्रेननं खाली टेकवला की घर तयार, आणि ओळीनं मांडले की फोटोत फार छान दिसतात.

आधी माप पाठ करा. वीस फुटी कंटेनर आतून साधारण दीडशे चौरस फूट भरतो. आपत्तीत माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा द्यावी, असा जगभर धरला जाणारा निकष आहे. भागाकार केला की चार माणसं चपखल बसतात. पाचवी आजी निघाली तर तिला बाहेर लिंबाखाली बाज टाकून द्या. लिंब नसेल तर पावसाळ्यात लावू म्हणा.

बैठकीत जपानचा फोटो हवाच. २०११ च्या त्सुनामीनंतर ओनागावा गावात शिगेरू बान या वास्तुरचनाकारानं बेसबॉलच्या मैदानावर कंटेनर रचून तीन मजल्यांपर्यंत घरं उभारली, १८९ कुटुंबांची सोय झाली. एवढं सांगा आणि लगेच पुढच्या स्लाइडवर जा. तिथं सपाट जागेची टंचाई होती म्हणून मजले चढवले, डब्यांच्या मधे मोकळ्या जागा सोडल्या, असल्या तपशिलात शिरलं की चहा निवतो. आपल्याकडं नजर पोचेल तिथवर माळ पडलाय, तरी डबे एकाला एक चिकटवूनच ठेवा. कुंपणाचा खर्च वाचतो.

आता उन्हाचं. लोक उगाच बाऊ करतात. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो आणि पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो, हे मान्य. पण दुपारी तीनला त्या भिंतीला कुणी पाठ टेकत नाही, घरातली सगळी ताठ बसतात. शिस्त आणखी कशी लावायची? एखादा अभियंता उठून म्हणेल, वर दुसरं छप्पर घाला, मधे हवा खेळू द्या, आतून अस्तर लावा, समोरासमोर खिडक्या पाडा. त्याला एस्टिमेट मागा. खिडकी कापली की बाजूचा पत्रा कमजोर होतो, मग चौकट जोडणं आलं. अस्तरानं रुंदी घटते, आणि ती मुळातच आठ फुटांच्या आत आहे. आकडा वाढत चालला की तो आपोआप खाली बसेल. अर्थिंगचा विषय मात्र त्याला काढूच देऊ नका. घरच लोखंडाचं असताना एक उघडी वायर काय करते, हे ऐकून मंडळींची झोप उडते.

थंडीत वेगळीच गंमत. माणसांचा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ गार छताला लागते आणि पहाटे अंथरुणावर टपटप गळते. शहरात उजनीचं पाणी चार-चार दिवसांनी येतं, यांना रोज येतंय. तक्रार कसली?

दाराकडं जरा निरखून बघा. उभ्या लोखंडी दांड्या, त्यांची हँडलं, कुलपाची जागा, सगळं बाहेरच्या अंगाला. आतून कडी नाही, कारण मालाला रात्री बाहेर जावं लागत नाही. दारावर रिव्हेट मारलेली छोटी पाटी असते. मालासकट जास्तीत जास्त वजन ३०,४८० किलो, वर किती भार रचला तर चालेल, सगळं लिहिलेलं. माणसांचा रकाना नाही. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीननं न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ डब्यांचं पहिलं जहाज सोडलं, तेव्हा त्याला गोदीतली हमाली वाचवायची होती. तुमच्या आजीचा त्यात काय संबंध? आतली कडी निविदेतून वगळा, पुढं 'अतिरिक्त काम' म्हणून वेगळं बिल काढता येतं.

मुदत कधीही लेखी देऊ नका. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढलेच की! शिवाय हे पोलाद समुद्राची खारी हवा वर्षानुवर्षं सोसतं, तुमच्या कार्यकाळाला सहज पुरून उरेल.

कुणी म्हणेल, रोख घरभाडं द्या, माणसं आपल्या रानाजवळ, म्हशी-शेळ्यांजवळ राहतील. ऐकून घ्या, मान डोलवा. पण घरभाड्याच्या पावतीपुढं फीत कशी कापणार?

फीत जानेवारीत कापा, सोलापूरला गड्ड्याची यात्रा असते तेव्हा, तीही सकाळी नवाच्या आत. मंडप बाहेर, खुर्च्या बाहेर. एखादी मावशी म्हणेलच, "ओ साहेब, आत येऊन बसा की जरा, च्या ठेवलाय." तेव्हा पुढचा कार्यक्रम अक्कलकोटला आहे असं सांगा. ड्रायव्हरला गाडीचा एसी आधीच चालू करून ठेवायला सांगायला विसरू नका.