दोनच तर तारा

उंदराला गाडीखाली शिरायला जॅक लागत नाही, आणि आम्हा दोघांतली विषमता तिथूनच सुरू होते. डॅशबोर्डवरचा एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा विझेना म्हणून वाकून पाहिले, तर मागच्या चाकाच्या सेन्सरकडे जाणाऱ्या तारा कुरतडलेल्या दिसल्या. ‘दोनच तर तारा आहेत, मीच जोडतो,’ असे मी घरात जाहीर केले. हे वाक्य पुढे माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वारंवार वापरण्यात आले.

पूर्वतयारी मात्र शास्त्रशुद्ध होती. पुढच्या चाकांना ठोकळे लावले, बॅटरीची आधी निगेटिव्ह तार सोडवली आणि गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवली. कारण जॅक फक्त उचलण्यापुरता असतो आणि नुसत्या त्याच्या भरवशावर खाली झोपणारा माणूस विनोदी लेख लिहायला उरेलच असे नाही.

तारांना डाख द्यावा, असा माझा पहिला बेत होता. परंतु वितळलेले कथील नेहमी खालीच येते, आणि खाली मी उताणा पडलेला होतो. डाख दिलेली तार ताठ होते व गाडीच्या हादऱ्यांनी सांध्याच्या कडेला तुटू शकते, हे तत्त्व मला शर्टाला भोक पडताच मनापासून पटले. मग पक्कडीने दाबून बसवायचे जोड आणले. त्यांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवायची असते आणि ती तारा जोडण्यापूर्वीच ओवावी लागते, हे मला तारा जोडल्यानंतर आठवले. सांधे कापून पुन्हा सुरुवात केली. या खेपेस दोन्ही नळ्या आठवणीने ओवल्या, पण दोन्ही एकाच तारेत. प्रत्येक चुकीगणिक तार बोटभर आखूड होत गेली आणि अखेर मध्ये नवे तुकडे घालावे लागले, म्हणजे दोन सांध्यांचे चार झाले.

लायटरच्या ज्योतीने शेजारची तार वितळेल, या भीतीने मी हेअर ड्रायर मागवला. नळी आकसायला बराच वेळ लागला. ड्रायरच्या मालकिणीचा चेहरा त्याआधीच आकसला होता. दोन्ही तारा पूर्वीसारख्या एकमेकींभोवती पिळल्या, तार सलग जोडलेली असली की वाजणारा मल्टिमीटर लावला, आणि तो इतका गोड वाजला की मी उगाचच तीनदा वाजवून घेतला. गाडी थोडी चालवताच पिवळा दिवाही विझला.

चार सांध्यांसाठी मी चार नळ्या मोजून घेतल्या होत्या. रात्री कपडे बदलताना त्यांतली एक खिशात सापडली.